ते बांध म्हणाले, मी धुरा म्हटलं

प्रज्ञा आणि मी पुण्यात एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर काम करतो. दर हिवाळ्यात ती रजा टाकून वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या गावी जाते आणि परत येताना पिशवीभर तुरीच्या शेंगा आणते. गेल्या डिसेंबरात शेंगा सोलता सोलता मी म्हटलं, "एकदा मलाही ने ना." ती म्हणाली, "याच आठवड्यात चल. रविवारी शेताच्या हद्दीचं जरा काम आहे, तेवढं झालं की मोकळी आहे मी."

मी लगेच हो म्हटलं. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझी खोड ठाऊक आहे. कुठेही गेले की जमिनीच्या चढउतारांना तिथली माणसं काय म्हणतात ते गोळा करते आणि छोट्या व्हिडिओत सांगते. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे डोंगर, पठार, टेकडी, सडा, माळ असं सगळं वेगवेगळं. वऱ्हाड मी नकाशातच पाहिलं होतं आणि ते सपाट असेल असा माझा समज होता.

तुम्ही जाणार असाल तर आधी रस्त्याचं सांगते. पुण्याहून रात्री ट्रॅव्हल्स निघतात आणि सकाळी वाशीमला सोडतात. रेल्वेनेही जाता येतं, पण वेळा जुळायला हव्यात. वाशीमहून मंगरूळपीरची एसटी आणि तिथून आसेगावकडची. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची चिंता नाही, फक्त गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट पाहायची तयारी ठेवा. मंगरूळपीरच्या स्टँडवर गरम आलूबोंडा मिळतो, सोबत तळलेली मिरची. तो खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सपाट असेल हा समज खिडकीतच गेला. रस्ता सारखा वर चढत होता नि खाली उतरत होता. काळ्या रानात हरभरा नुकताच वर आलेला, तूर शेंगांनी वाकलेली, आणि मधूनच दगडगोट्यांचा तांबूस उंच पट्टा, ज्यावर फक्त गवत आणि शेळ्या.

"हे काय म्हणायचं? टेकडी?" मी विचारलं.

"बरड," प्रज्ञा म्हणाली. "टेकडी डोळ्यांना दिसते. बरड पायाला समजतो."

मी फोनमध्ये टिपून घेतलं. खूश झाले.

गाव आसेगावच्या पुढे, फाट्यापासून थोडं आत. फाट्यावर प्रज्ञाचे वडील आम्हाला घ्यायला आले होते. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गावात त्यांना अजून कंडक्टरसाहेब म्हणतात. मी त्यांना काका म्हणू लागले आणि ते मला पहिल्या पाच मिनिटांतच बेटा म्हणू लागले. गावात शिरताना उजवीकडे पांढुरक्या मातीचा एक उंचवटा लागला. मी पुन्हा तोंड उघडलं, "ही टेकडी छान आहे."

"टेकडी नोको म्हनू, बेटा. ते पांढरी हाय," काका म्हणाले. "आंधी गाव तिथं व्हतं. घरं पडली, त्यायचीच माती झाली. अन् तिकडं ते भिताड दिसते ना, ते गढी. गढी मालकाची, पांढरी साऱ्या गावाची." मग म्हणाले, "साऱ्या म्हंजे, आपल्या लोकायले सोडून. आपण पांढरीच्याई भाईर राहत व्हतो."

ते हे अगदी सहज बोलले, बसचा थांबा सांगावा तसं. घराच्या दारावर निळी चौकट होती, आत बुद्धाची मूर्ती आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. काकूंनी ज्वारीची भाकर आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची सोलेभाजी वाढली. तिखट इतकी की डोळ्यांत पाणी आलं. तरी मी तीन भाकरी खाल्ल्या.

दुपारी काका मला वावर दाखवायला घेऊन गेले. वावर म्हणजे शेत. प्रज्ञा आईबरोबर घरी थांबली. वाटेत शेजाऱ्यांचं मोठं शेत लागतं, त्याच्या कडेकडेने पायवाट जाते आणि सरळ काकांच्या शेतात उतरते. शेजारी म्हणजे शेषरावजी. ते वाटेतच भेटले, पांढरं धोतर, हातात विळा. "देवा, हे कोन?" त्यांनी विचारलं. काकांचं नाव देविदास, पण शेषरावजी त्यांना देवा म्हणतात.

"पोरीची मैत्रीन. पुन्याची."

"मंग तुरीच्या शेंगा दे उकडून तिले," असं म्हणून ते त्यांच्या कामाला लागले.

हे शेत काकांच्या वडिलांनी घेतलेलं. त्याआधी त्यांच्या घरात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. काका एका मातीच्या लांब उंचवट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "हा बांध. मी घातला. बरडावरून पानी येये, माती घेऊन जाये. मंग सुट्ट्या टाकून टाकून घातला." बांधाच्या पलीकडेही थोडी पट्टी होती, तिच्यात हरभरा उगवलेला. त्यापुढे एक बाभूळ. "आपलं त्या बाभळीपावतर हाय," ते हात करून सांगत होते. "पन ते पट्टी आता मंगेश पेरते, शेषरावचा पोरगा. नांगरता नांगरता तिथला उंचवटा मोडला. रविवारी दोघं मिळून दगड लावाचे हायेत. शेषराव तयार झाला."

हे सगळं मी ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. मी तेव्हा उन्हात चमकणाऱ्या हरभऱ्याचा फोटो नीट यावा म्हणून फोन तिरका धरत होते.

काका मोटार सुरू करायला विहिरीकडे गेले. ऊन उतरत होतं, उजेड सुंदर होता. मी बांधावर उभी राहिले, फोन समोर धरला आणि बोलायला लागले. वऱ्हाडात शेताच्या हद्दीला धुरा म्हणतात हे मला प्रज्ञाकडून माहीत होतं. आमच्याकडे हद्दीलाच बांध म्हणतात. माझ्या डोक्यात साधं गणित बसलेलं: आपला बांध, त्यांचा धुरा. काका नुकतेच बांध म्हणाले होते, पण मला वाटलं, पुण्याच्या पाहुणीला समजावं म्हणून त्यांनी आमच्याकडचा शब्द वापरला असेल. धुरा कानाला जास्त गोड, जास्त इथला वाटत होता.

"मंडळी, आमच्याकडे ज्याला बांध म्हणतात त्याला वऱ्हाडात म्हणतात धुरा. दोन शेतांच्या मधली हद्द. मी आत्ता उभी आहे ती धुऱ्यावर. याच्या अलीकडे माझ्या मैत्रिणीचं वावर आणि पलीकडे शेजाऱ्यांचं."

हसून शेवट केला आणि व्हिडिओ तिथूनच ब्लॉगवर टाकला. नेटवर्क चांगलं होतं. ते नसतं तर बरं झालं असतं, असं मी त्यानंतर खूपदा म्हटलं आहे.

शनिवारी प्रज्ञा आणि मी शिरपूर जैनला गेलो. वाशीमला येऊन तिथून दुसरी बस धरावी लागते. गाव मोठं आहे, जुन्या दगडी मंदिरापाशी लांबून आलेले यात्रेकरू, दर्शनाला रांग, गल्लीत हार-फुलांची दुकानं. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी लागेल. मानोऱ्याकडे जायचंही आमच्या मनात होतं. तिकडे तांडे आहेत आणि रस्ता डोंगरातून जातो, असं काकांनी सांगितलं होतं. ते राहून गेलं.

परतीच्या बसमध्ये माझ्या व्हिडिओवर खूप प्रतिक्रिया आल्या होत्या. वाशीम, अकोला, यवतमाळचे लोक लिहीत होते, "आपला शब्द ऐकून बरं वाटलं ताई." मी प्रज्ञाला अभिमानाने फोन दाखवणार, तोच तिने स्वतःच्या फोनवरून मान वर केली. गावाच्या ग्रुपवर तिच्या चुलतभावाने कौतुकानेच तो व्हिडिओ टाकला होता. खाली मंगेशने अंगठा दिला होता. फक्त अंगठा.

"ज्योती, हे कुठे उभी राहून बोललीस तू?"

"तुमच्या शेतात. धुऱ्यावर."

"तो धुरा नाही," ती म्हणाली. "तो बांध आहे. आमच्या शेताच्या आतला. धुरा बाभळीपाशी होता."

मी म्हटलं, "पण बांध म्हणजे धुराच ना?" आणि म्हणतानाच मला काकांचा बाभळीकडे केलेला हात आठवला.

इथे धुरा म्हणजे हद्द. तो दोघांचा असतो, त्याच्यापलीकडे तुमचं काही नसतं. बांध म्हणजे पाणी आणि माती अडवायला कुणीही आपल्याच शेतात घातलेला मातीचा उंचवटा. त्याच्या दोन्ही बाजू तुमच्याच असतात. दिसायला दोन्ही सारखेच, गवत उगवलेली मातीची लांब रेघ. मी जगाला सांगितलं होतं की काकांची जमीन काकांच्या बांधापाशी संपते.

मी बसमध्येच व्हिडिओ काढून टाकला. प्रज्ञा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आता काढून काय होणार? ज्याला हवा होता त्याने घेतला असेल."

घरी गेल्यावर मी काकांना सांगितलं. ते खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, मी बांध म्हनलो व्हतो ना तुले?"

"हो काका."

"मंग?"

तुमचा शब्द मला पुरेसा गावठी वाटला नाही, हे कसं सांगणार?

रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणे सगळे शेतात जमले. काका, प्रज्ञा, मी. समोरून शेषरावजी आणि मंगेश. काकूंनी थर्मासमध्ये चहा दिला होता. दगड बैलगाडीवरून आदल्या दिवशीच आणून ठेवलेले होते. काकांनी पहार उचलली आणि बाभळीकडे निघाले.

"थांबा साहेब," मंगेश म्हणाला. चाळिशीचा, शांत बोलणारा माणूस. "दगड तिकडं कायले? तुमच्या घरचीच पाव्हनी सांगून राह्यली ना धुरा कुठं हाय ते." त्याने फोन काढला आणि आवाज मोठा केला.

मोकळ्या रानात माझा आवाज घुमला. मंडळी. हसणं. धुऱ्यावर उभी आहे. अलीकडे मैत्रिणीचं वावर, पलीकडे शेजाऱ्यांचं. मी आजवर माझे शेकडो व्हिडिओ ऐकले असतील, पण तो आवाज मला ओळखीचा वाटला नाही. कुणीतरी फार खूश असलेली, काहीच माहीत नसलेली बाई बोलत होती.

"हा बांध हाय," काका म्हणाले. "मी घातला. तुझ्या बापाले विचार."

"मंग हे ताई खोटं बोलून राह्यल्या का?"

मी पुढे झाले. "माझं चुकलं. मला बांध आणि धुरा यातला फरक माहीत नव्हता."

"आज माहीत नाई," मंगेश म्हणाला, "परवा तं लोकाले शिकवून राह्यल्या व्हत्या. अन् चूकच व्हती तं चूक म्हनून सांगाचं, गुपचूप पुसलं कायले?"

मी शेषरावजींकडे पाहिलं. सगळेच पाहत होते. त्यांनी विळ्याच्या टोकाने जमीन उकरली आणि खालीच बघत म्हणाले, "देवा, राहू दे आज. पुन्हा कधी पाहू."

"पुन्हा कधी?" काकांनी विचारलं.

शेषरावजी वळून घराकडे निघाले. मंगेश त्यांच्या मागे गेला. थर्मासचं झाकण कुणी उघडलंच नाही. काकांनी पहार खाली ठेवली आणि म्हणाले, "मंग आता सरकारी मोजनीच आना लागते." वीसेक वर्षं त्यांनी हे टाळलं होतं, कारण मोजणी आणली की शेजार तुटतो.

घरी काकू स्पष्ट बोलल्या. "तुमाले काय बाई, तुमी जासान परत. आमाले त्याच वाटेनं वावरात जा लागते." प्रज्ञाने आईला गप्प केलं नाही. नंतर ओट्यावर माझ्याशेजारी बसून ती म्हणाली, "तुझ्या व्हिडिओने जमीन जात नाही, मला कळतं. त्याला निमित्त पाहिजे होतं. पण या गावात आमचं म्हणणं एरवीही कुणी पहिल्यांदा खरं धरत नाही. बाबांनी किती वर्षं शेषरावकाकांना जपून जपून इथवर आणलं होतं. आणि मग बाहेरचं माणूस येऊन बोललं तर ते खरं."

मी रडले. त्याचीही मला लाज वाटली, कारण मग प्रज्ञालाच उठून पाणी आणावं लागलं.

संध्याकाळी मी काकांना विचारलं, शेषरावजींकडे जाऊ का? ते म्हणाले, "जा. पन भांडू नोको." शेषरावजी घराच्या ओसरीवर एकटेच होते. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"मले मालूम हाय, बाई. देवानं बांध घातला तवा दगड माह्याच बैलबंडीनं वाह्यले. मीच व्हतो संग."

"मग ते सगळ्यांसमोर सांगा ना."

त्यांनी आत कानोसा घेतला. आत सून भांडी घासत होती. "पोरगं म्हनते तेच मले म्हना लागते आता," ते हळू म्हणाले. "दोन टायमाची भाकर त्याच्याच हातची हाय. तू देवाले सांग, मी..." आणि त्यांनी मान हलवली. "काई नोको सांगू," म्हणाले.

मी घरी येऊन सगळं सांगितलं. काका म्हणाले, "त्यानं तुले सांगतलं, मले पोचलं." खरं काय ते सांगणारा नवा व्हिडिओ टाकू का, असंही मी विचारलं. "आता काई बोलू नोको, बेटा," ते म्हणाले. रागाने नाही. थकून.

सोमवारी सकाळी आम्ही वावराकडे निघालो आणि शेषरावजींच्या शेताच्या कडेला थांबलो. पायवाटेच्या तोंडावर बाभळीच्या काट्या रचलेल्या होत्या, ताज्या तोडलेल्या, कापलेल्या जागी अजून ओल होती. काकांनी चप्पल काढून पुन्हा घातली, काहीतरी करायला हवं म्हणून. मग म्हणाले, "चला, नाल्यातून जाऊ."

नाल्याची वाट लांब आहे. पांदणीतून, म्हणजे गाडीवाटेने, गावाला वळसा घालून जायचं, गोट्यांवरून नाला ओलांडायचा, मग बरड चढायचा. बरड पायाला समजतो असं प्रज्ञा म्हणाली होती ते खरं. दगड पायाखालून सरकत होते. काकांचे गुडघे दुखतात, ते दर थोड्या वेळाने दम खायला थांबत आणि प्रत्येक वेळी मला काहीतरी दाखवत, जणू दाखवण्यासाठीच थांबलेत. ते मोहाचं झाड. ते तिकडं मंगरूळपीर. मी मान हलवत होते. फोन घरीच ठेवला होता.

मंगळवारी आम्ही निघालो. काकूंनी शेंगांची पिशवी भरून दिली, प्रज्ञाची एक आणि माझी एक. माझी घ्यायला मला धीर होत नव्हता. "घ्या," त्या म्हणाल्या, "शेंगायचा काय दोष."

पुण्यात आल्यावर मी बरेच दिवस काही लिहिलं नाही. प्रज्ञा आणि मी ऑफिसात बोलत होतो, पण कामापुरतं. एकदा ती स्वतःहून चहाला चल म्हणाली, त्या दिवशी मी घरी जाऊन आईला फोन करून सांगितलं, एवढी मी त्याची वाट पाहत होते.

उन्हाळा लागता लागता मोजणी झाली. पट्टी काकांची निघाली, अगदी बाभळीपर्यंत. खुणेचे दगड बसले. मंगेशने सही केली, शेषरावजी लांब उभे होते. प्रज्ञाने हे सांगितलं तेव्हा मी तिला मिठी मारली आणि विचारलं, "आणि वाट?"

"वाट बंदच आहे. ती त्यांच्या शेतातली, त्यांची मर्जी. बाबा नाल्यानेच जातात. पावसाळ्यात नाला भरला की बघू."

म्हणजे जमीन मिळाली आणि ती किती मिळाली हे आता दगडांवरून कुणालाही कळतं. पण रोज सकाळी एक म्हातारा माणूस माझ्यामुळे बरड चढतो. हे पुण्यात बसून मी कुठल्याच मोजमापात बसवू शकत नाही. तुम्ही वाशीमकडे जा. डिसेंबरात जा, तूर आणि हरभरा असताना. माणसं जेवायला घातल्याशिवाय सोडत नाहीत. शब्दही खूप मिळतील. फक्त ज्याची जमीन आहे त्याने दिलेला शब्द तसाच घ्या, तुम्हाला दुसरा कितीही गोड वाटला तरी.

हा लेख लिहायच्या आधी मी काकांना फोन करून परवानगी मागितली. "लिव," ते म्हणाले, "पन या टायमाले मले आंधी वाचून दाखव." काल मी त्यांना सगळा वाचून दाखवला. स्वतःच्या चुकीबद्दलचे परिच्छेद मी वाचत होते तेव्हा ते "हं, हं" करत राहिले. मंगेशचं बोलणं ऐकून म्हणाले, "असंच म्हनला व्हता." ओसरीवरचा भाग आला तेव्हा मात्र पलीकडून काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला.

"काका?"

"हाय, हाय. शेषरावचं खरं नाव लिवलं का तू?"

"हो."

"ते बदल," काका म्हणाले. "पोरानं वाचलं तं म्हाताऱ्याले बोलन."

मी बदललं आहे. मग सगळ्यांचीच बदलली. गावाचं नाव आधीही लिहिलं नव्हतं.